ओढ्याचा सुभेदार

होळीच्या आधीच्या सोमवारी माळवाडीच्या गायरानात पांढरे दगड आले. मालुबाईने ते सगळ्यांच्या आधी पाहिले, कारण सगळ्यांच्या आधी त्या वाटेने तीच जाते. बेळगावच्या बाजूला लष्कराचा कॅम्प होता आणि तिथल्या चार बंगल्यांवर तिचा दुधाचा रतीब होता. परत आली ती किटली खाली ठेवायच्या आधीच सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, ओढ्याच्या वरल्या अंगाला दगड पुरल्यात. चुना लावून."

मष्णू सोप्यात बसून चऱ्हाट वळत होता. त्याचे हात थांबले.

"किती?"

"पंचवीस-तीस तरी असतील. खाली गेरू, वर चुना."

"तवा गेरू नव्हता," म्हातारा म्हणाला. "नुसता चुना हुता."

तवा म्हणजे बेचाळीस साली. ही गोष्ट माळवाडीत पाळण्यातल्या पोरालासुद्धा पाठ. परदेशात लढाई चालू होती, कॅम्पाला जागा पाहिजे होती, आणि एके सकाळी गायरानाला लागून अठरा पांढरे दगड पुरलेले दिसले. लढाई संपली की परत, असं सांगितलं होतं. लढाई संपली, साहेब गेले, नवे साहेब आले, जिल्हासुद्धा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. दगड मात्र जागचे हलले नाहीत. त्या दगडांच्या आत मष्णूचं दोन एकर रान होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माळवाडी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची, आणि तेही उगाच नाही. कॅम्पात गाड्या धुतल्या की ओढ्यावर तेलाचा तवंग यायचा. तो हाताने बाजूला सारूनच घागर बुडवावी लागे.

त्यालाही पंधरा वर्षं झाली होती. म्हशी तेच पाणी प्यायच्या. एका बंगल्यातल्या बाईने मालुबाईचं दूध नाकाला लावून परत केलं होतं, रॉकेलचा वास येतोय म्हणून. त्यांच्याच गाड्यांचं तेल त्यांच्याच कपात परत गेलं, तर ते मालुबाईचं पाप! गेल्या साली बाजारात दलालाने भरमाच्या कोबीचा गड्डा सगळ्यांच्या देखत हुंगला आणि जनावरांना घालायच्या ढिगात टाकला. भरमा मष्णूचा एकुलता मुलगा, सहसा न बोलणारा.

यंदा ओढ्याकाठच्या अर्ध्या एकरात त्याने पुन्हा कोबी लावला होता. गड्डे धरले होते. आणखी दोन पाणी मिळाली की पीक हाताशी येणार होतं. दोन पाणी, बास. बाकी त्याचं देवाकडे काही मागणं नव्हतं.

दगडांचं ऐकून भरमा न्याहारी न करताच वर गेला. दगडांच्या आत पाच जवान आणि गावातला गुंडू मिळून खड्डा खणत होते. कॅम्पाच्या गाड्या धुवायच्या शेडमधून येणारी मोरी तारेच्या कुंपणाखालून बाहेर येऊन जिथे ओढ्याला मिळत होती, नेमक्या त्याच जागी हा मोठा चौकोनी खड्डा होता. त्याच्या पुढे मातीचा बांध घातला होता. बाजूला नवी पाटी होती. भरमाने ती अक्षर लावत वाचली. तेलाचं पाणी नाल्यात सोडणं मना आहे, असं काहीतरी हिंदीत होतं, आणि खाली, जिम्मेदार, नायब सुभेदार सिद्राम.

"राम राम," भरमा म्हणाला.

"जयभीम," पाटीवरचा माणूसच उठून पुढे आला. काटक अंगाचा, मिशा पिकलेल्या, विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. "माळवाडीचं काय तुम्ही? बरं झालं आलासा. मी गावातच येणार हुतो."

मराठी ऐकून भरमा चपापला. "गाव कंचं?"

"सदलगा."

सदलगा म्हणजे आपल्यातलाच की. भरमाच्या मनात आलं, पारधी दाणे टाकतो तेही आपल्याच शेतातले.

"हे कशापायी?" त्याने बांधाकडे बोट केलं.

"तेल अडवायला. नवा हुकूम निघालाय. वढ्यात तेल जाऊ द्यायचं न्हाय, झाडं तोडायची न्हाईत, पाणी घाण करायचं न्हाय. आन् त्यो सांभाळायला माझी नेमणूक." सिद्राम हसला. "कॅम्पात मला वढ्याचा सुभेदार म्हणत्यात. गाडी धुताना कोन तेल सांडलं तर त्याच्या मागं काठी घिऊन पळतोय मी. पाच म्हयन्यानं पेन्शनीत निघालो, आन् हे मागं लागलंय."

"आन् पाणी?"

"त्ये बघा. खालनं पाइप घातलाय. तेल वर तरंगतंय, निवळ पाणी खालनं तुमच्याकडं येतंय. पर पैल्यांदा शेडच्या मोऱ्यांतला पंधरा वर्साचा तेलाचा गाळ धुवून हितं आणणार. त्यो वर येऊस्तवर पाइपाला बोळा मारून ठेवायला लागतोय. वरची घाण ड्रमात भरली की बोळा काढतो. चार दिस कळ काढा."

"आन् दगडं?"

"दगडं?" सिद्रामला प्रश्नच समजला नाही. "फौजेत कायबी केलं की चुना-गेरू मारायचाच. रीतच हाय ती."

तुमची रीत आम्हाला माहीत आहे, असं भरमाच्या ओठावर आलं होतं. त्याने ते गिळलं. जाता जाता गुंडूला बाजूला घेतलं. गुंडूचं घर भरमाच्या घराला पाठ लावून.

"तू ह्यात कसा रं?"

"रोजगारावर घेतलंय. खोटं कशाला बोलू भरमाण्णा, खड्डा तेलाचाच हाय. म्या पाइप बघितलाय की. माणूस बरा वाटतोय."

"काय दिलं रं तुला त्यांनी, एवढं त्येंचं गायला?"

गुंडूचं तोंड उतरलं. नुसता आपल्या पायांकडे बघत उभा राहिला, आणि मग टिकाव उचलून खड्ड्यात उतरला.

संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर बोलणं निघालं. आण्णाप्पा गावचा पंच, चार यत्ता शिकलेला, आणि शिकल्यापेक्षा जास्त बोलणारा. त्याने एक आठवण काढली. तीन वर्षांपूर्वी आपणच कॅम्पाला अर्ज दिला होता, ओढ्यात तेल सोडू नका म्हणून. आण्णाप्पाने लिहिला होता आणि खाली मष्णूचा अंगठासुद्धा होता.

"मग त्याच अर्जाचं हे असंल," कोणीतरी म्हणालं.

"अर्ज दिला तवा कुत्रं आलं न्हाय," आण्णाप्पा म्हणाला. "आता तीन वर्सानं एकदम सुभेदार? सांगा की मला. आन् तेल अडवायचं तर त्येंच्या तारंच्या आत अडवावं. आमच्या गायरानात कशाला?"

याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, की तारेच्या आत मोरी सगळी दगडी आणि उतार बाहेर. पण ते सिद्रामला माहीत होतं आणि त्याला कोणी विचारलं नाही. आमच्याकडे माणूस संशयाला बसवायला पाट देतो आणि खुलाशाला दारात उभा करतो.

चार दिवस गेले. ओढ्याची धार बोटाएवढी झाली. ऐन फाल्गुनात ओढ्याला पाणी असतं ते बहुतेक कॅम्पातून वाहून येणारंच. हे गावाला इतकी वर्षं दिसत होतं, पण कळलं ते आता. कोबीची खालची पानं पिवळी पडली. भरमा सकाळ-संध्याकाळ मालुबाईसोबत डबक्यातून घागरी भरून एकेका बुडख्यात ओतायचा. कमरेचा काटा ढिला झाला. अर्ध्या एकराला घागरीने पाणी घालणं म्हणजे हत्तीला पळीने पाणी पाजणं.

पाचव्या दिवशी तो वर गेला. खड्डा तुडुंब भरला होता, वर काळी साय धरली होती. पाइपाचं तोंड बंदच होतं.

"चार दिस म्हणालतासा."

सिद्राम ओशाळला. "ड्रम सुटलं न्हाईत स्टोअरातनं. कागद गेलाय. सही व्हायची ऱ्हायलीया. ड्रमाबिगर बोळा काढला तर सगळी घाण तुमच्याच रानात. सोमवारी नक्की."

"माझी पाण्याची पाळी रविवारी हाय."

"एक दिस, भरमाण्णा."

"एकच दिस," भरमा घरी येऊन बापाला म्हणाला.

मष्णूने चऱ्हाट बाजूला ठेवलं. "लढाई सपूस्तवर, म्हणालते. ह्यो एक दिस म्हणतोय. सुरवात अशीच असती बाळ."

माळवाडीत ओढ्याच्या पाण्याची एक रीत होती. दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून बांध घालायचा, नारळ फोडायचा, आणि घरटी पाण्याची पाळी लावायची. गावाला न विचारता कोणी वरच्या अंगाला बांध घातला, तर ज्याची पाळी असेल त्याने तो फोडावा. पण फोडायचा तो भर उन्हात, दोन साक्षीदार काठावर उभे करून, आणि फोडल्यावर तीनदा मोठ्याने आपलं नाव सांगायचं. अंधारात फोडेल तो चोर. दिवसा फोडून नाव लपवेल तोही चोरच. मष्णूने आयुष्यात दोन बांध फोडले होते आणि दोन्ही वेळा त्याचं नाव शेजारच्या गावापर्यंत ऐकू गेलं होतं, असं तो सांगायचा.

रविवारी दुपारी बारा वाजता भरमा खोरं घेऊन निघाला. साक्षीला आण्णाप्पा आणि खुद्द मष्णू. म्हातारा काठी टेकत सगळ्यांच्या पुढे चालत होता. बेचाळीस सालापासून एवढा ताठ तो चालला नव्हता. मालुबाई दारात उभी राहून म्हणाली, "अवं, उद्याचा सोमवार तरी बघा." तिच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.

खड्ड्याजवळ चिटपाखरू नव्हतं. रविवारची जेवणं झाली असावीत. तारेच्या आत रेडिओ वाजत होता. भरमाने पांढरा दगड ओलांडला. त्याने धोतर खोचलं आणि बांधाच्या मधोमध खोरं घातलं. ओली माती होती, सहज निघत होती. दहा-बारा खोऱ्यांत खाच पडली, खाचेतून बोटभर पाणी आलं, मग हातभर, आणि मग बांधाचा मधला भाग बसला आणि गेलाच.

"नाव सांग," मष्णू ओरडला.

"भरमा मष्णूचा!" भरमाने कॅम्पाकडे तोंड करून हाक घातली. "बांध म्या फोडला! भरमा मष्णूचा! भरमा मष्णूचा!"

तारेच्या आत रेडिओ वाजतच राहिला.

कोणी ऐकलं का, हे बघायला भरमा थांबलाच नाही. पाणी त्याच्या पाळीचं होतं. खांद्यावर खोरं टाकून तो उताराने पळत रानात आला आणि पहिल्या साऱ्याचं, म्हणजे कोबीच्या वरच्या वाफ्याचं, तोंड उघडून पाण्याची वाट बघत उभा राहिला. सहा दिवसांनी पाटात सळसळ ऐकू आली. पाणी आलं, पुढे पालापाचोळा ढकलत आलं, आणि भरमाला रडूच फुटायचं बाकी राहिलं. एक सारा भिजला, त्याने दुसऱ्यात फिरवलं. तिसऱ्याचं तोंड उघडताना पाय घसरला. उठला, पुन्हा घसरला. हाताला चिकट लागलं म्हणून बघितलं तर तळवा काळा.

पाटातून आता पाणी येत नव्हतं. बैलगाडीच्या आसाला घालतात तसलं वंगण येत होतं, दाट, काळं, रॉकेलच्या वासाचं, पंधरा वर्षांचं. गावाचा बांध ओढ्याचं पाणी मुकाट पाटात वळवत होता आणि पाट ते पाळीप्रमाणे भरमाच्या कोबीत. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, आणि मारुतीही असला तोंड काळं केलेला. भरमाने खोऱ्याने माती ओढून पाटाचं तोंड बुजवलं. ते वरून वाहायला लागलं. शेवटी तो स्वतः पाटात आडवा पडला. ते त्याच्या अंगावरून गेलं आणि शेजाऱ्याच्या वाटाण्यात उतरलं.

दोन तासांत अर्धा गाव काठावर जमला होता. बायका म्हशी हाकलून नेत होत्या. आण्णाप्पाने भरमाला बाभळीखाली नेलं.

"कुणी बगितलं न्हाय. बांध फुटला म्हणायचं. कच्चा हुता, फुटला. समजलं? आता कॅम्पाला धरता येतंय. आता खड्डाबी काढायला लावू आन् दगडंबी."

"म्या नाव सांगितलंय."

"कुणी ऐकलंय?" आण्णाप्पाने मष्णूकडे बघितलं.

मष्णू खाली बसला होता, काठी मांडीवर आडवी. "म्या न्हाय ऐकलं," तो म्हणाला.

ऊन कलताना सिद्राम सहा जवानांना घेऊन ओढ्यात उतरला. बूट काठावर काढलेले, विजारी वर खोचलेल्या. ते टिनाच्या डब्यांनी तवंग काढत होते. ते पुरं पडेना म्हणून तो ओला तसाच गावात आला. दारोदार फिरला. "पिंजर द्या. भाताची पिंजर टाकली की तेल शोषून घेतीया. खालच्या वाडीची विहीर हाय पुढं, तितं जायच्या आत अडवूया."

"आता पिंजरबी पायजे काय तुमास्नी?" कोणीतरी म्हणालं. दारं लागली.

भरमाच्या अंगणात तो उभा राहिला तेव्हा भरमा पायरीवर बसला होता, अंगावर वाळलेला काळा थर. सिद्रामने त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीला टेकवलेल्या खोऱ्याकडे पाहिलं. खोऱ्याच्या पात्यावर बांधाची तांबडी माती होती, आणि भरमाच्या रानातली माती काळी. सिद्रामला ते कळलं, आणि त्याला कळलेलं भरमाला कळलं. त्याने पुन्हा नुसती पिंजरच मागितली. मालुबाई गोठ्याकडे गेली आणि पिंजराच्या पेंढ्या काढून अंगणात टाकायला लागली. म्हशीची सगळी उन्हाळ्याची बेगमी होती.

"मालू," मष्णू ओरडला.

"म्हस वास मारणारं पाणी पितीया, मामंजी," ती पेंढी टाकत म्हणाली. "चारा थोडा कमी खाईल."

गुंडूने दोन पेंढ्या खांद्यावर घेतल्या आणि ओढ्याकडे चालू लागला. मग आणखी दोन घरांची दारं उघडली.

भरमा जागचा उठला नाही. सिद्राम खोऱ्याबद्दल का बोलला नाही, हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं. उद्या साहेबांपुढे बोलणार असेल. नाव घेऊन, बेड्या घालून नेणार असेल. संशयाची सवय अशी, की माणूस चुकला तो आपण असलो तरी ती दुसऱ्याकडेच बघते.

सोमवारी सकाळी जीप आली. मेजर तरुण होता, त्याच्याबरोबर कागद लिहिणारा एक जण. गाव ओढ्यावर गोळा झालं. ओढ्यात काळ्या पिंजराचे बांध एकामागे एक पडले होते आणि त्यांच्या खालचं पाणी, खोटं कशाला बोला, बरंचसं निवळ होतं. खालच्या वाडीची विहीर वाचली होती. सिद्राम रात्रभर पाण्यात होता. त्याच्या पायांची कातडी सोललेल्या बटाट्यासारखी पांढरी झाली होती. फुटलेल्या बांधाजवळ तो सावधानमध्ये उभा राहिला, आपल्या नावाच्या पाटीच्या शेजारी.

मेजरने हिंदीत विचारलं, बांध कोणी फोडला.

आण्णाप्पा पुढे झाला. "आपे आप फुटा, साब. कच्चा था."

मेजरने सिद्रामकडे बघितलं.

"जी साब," सिद्राम म्हणाला. "बांध कच्चा था. गलती मेरी है."

भरमाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने सिद्रामच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, तिथे कुठेतरी डाव दिसेल म्हणून. थकलेला माणूस होता, बास. पाच महिन्यांनी सदलग्याला जाणारा. लिहिणाऱ्याने मान खाली घातली आणि त्याचं पेन चालायला लागलं. सिद्रामचं नाव पाटीवर होतं. आता ते कागदावर चढत होतं. आणि ज्याने भर दुपारी तीनदा नाव सांगितलं होतं, तो गर्दीत मागे उभा होता. दिवसा फोडून नाव लपवेल तो चोर.

भरमा पुढे आला. पांढरा दगड ओलांडताना आण्णाप्पाने त्याचा सदरा धरला; तो टरकन फाटला.

"बांध म्या फोडला," तो म्हणाला. "भरमा मष्णूचा. बांध कच्चा नव्हता. सुभेदारानं सांगितलंतं सोमवारी पाणी सोडतो म्हणून. पर बेचाळीस साली असलीच दगडं पुरून आमचं रान नेलंतं, म्हणून आमच्या रीतीनं म्या फोडला. भरमा मष्णूचा. भरमा मष्णूचा."

मेजरला मराठी कळत नव्हती. त्याने सिद्रामकडे पाहिलं. सिद्रामने डोळे मिटले, उघडले, आणि सगळं जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. दगडांचं, बेचाळीस सालचं, आणि वर आपल्याकडचं, ड्रमाच्या सहीचंसुद्धा. आधीचा कागद मेजरने फाडला नाही. त्याच्याखाली आणखी चार ओळी लिहायला लावल्या. त्यांचं पुढे काय होणार, हे त्या दिवशी कोणालाच कळलं नाही. जीप वळली तेव्हा सिद्राम भरमाजवळ आला.

"गप बसला असतासा तर चाललं असतं मला," तो म्हणाला. "उद्या खोरं घिऊन या. बांध पुन्ना घालायचाय. ह्या वक्ताला नारळ फोडून."

गावातून जाताना भरमाशी कोणी बोललं नाही. मारुतीच्या कट्ट्यावरचं आण्णाप्पाचं बोलणं तो दिसताच थांबलं. घरी मालुबाईने ताट वाढलं, भाकरी आणि पिवळ्या पडलेल्या कोबीचीच भाजी, वरच्या साऱ्यातल्या वाचलेल्या गड्ड्यांची. मष्णू भिंतीकडे तोंड करून चऱ्हाट वळत होता. भरमाने पहिला घास मोडला तेव्हा म्हातारा मान न वळवता बोलला.

"काय दिलं रं तुला त्यांनी?"

भरमाच्या हातातला घास हातातच राहिला. तो आपल्या पायांकडे बघत राहिला. दोनदा रिठ्याने घासले होते, तरी टाचांच्या भेगांत तेल अजून होतं.